अनुभव धागा : इतिहास विभागातून बाहेर पडलेली आपली माणसे

दौतलेखणी

मी ज्या विभागातून एम. ए. झालो, त्या पुणे विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडून मागच्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांच्या माहितीचा अर्ज आला. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालये-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेच्या, मूल्यांकनासाठी असे अर्ज सगळीकडेच भरून घेतात. नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, सध्याचे पद, नेट-सेट-पीएचडी आणि शेवटी ‘उल्लेखनीय कामगिरी’ असा एका ओळीचा रकाना. माझा अर्ज पाच मिनिटांत भरून झाला. आमच्या तुकडीतल्या ज्यांचे पत्ते विभागाकडे नाहीत त्यांचीही माहिती आपणच कळवावी, म्हणून वही घेऊन बसलो आणि पहिल्याच नावापाशी हात थांबला.

ती बार्शीकडची होती. आमच्या वर्गात मोडी लिपी, जुन्या मराठी कागदांची, सर्वांत उशिरा तिला आली. आधी कागदभर ओळ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरे त्या ओळीला टांगत जायची, हे तिला जमत नव्हते. वाचायला घेतले तर शब्द कोठे संपला तेच कळत नसे, कारण मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. दुसऱ्या वर्षी आमचे सर आम्हां सात-आठ जणांना पुणे पुराभिलेखागारात घेऊन गेले. ती १८९१ सालची दगडी इमारत, उंच छत, ओळीने लावलेल्या मांडण्या आणि त्यांवर कापडात बांधून ठेवलेले पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी. गो. स. सरदेसाई यांनी या पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, हे वाक्य आम्ही परीक्षेत बिनचूक लिहीत होतो. पण ते ४५ खंड म्हणजे त्या साठ्यातली एक ओंजळ आहे, हे त्या मांडण्यांसमोर उभे राहिल्यावर उमगले.

त्या दिवशी आमच्यासमोर एक महजर उघडला गेला. वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, तंट्यात गोताने, म्हणजे गावातल्या मानकरी-बलुतेदारांच्या सभेने, बसून दिलेला तो निवाडा होता आणि खाली हजर असलेल्यांच्या नावांपुढे त्यांच्या निशाण्या काढलेल्या होत्या. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. नांगर जेमतेम बोटाच्या पेराएवढा होता, पण त्याचा फाळ, इसाड आणि रुमणे ही तिन्ही वेगवेगळी ओळखू येत होती. तो पाटलाने स्वतः काढलेला असो की कुलकर्ण्याने, काढणाऱ्याच्या रोजच्या पाहण्यातला तो नांगर होता. ती बराच वेळ त्यावर वाकून पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “सर, हे रुमणं आमच्या घरच्यासारखंच आहे.” त्यानंतर महिन्याभरात ती आमच्या सगळ्यांच्या पुढे गेली. मोडी ही कोणा परक्या माणसांची लिपी नसून आपल्याच माणसांच्या घरातली आहे, हे तिला त्या दिवशी पटले असावे, असे मला आजही वाटते.

पुढे तिचे लग्न झाले, सेट द्यायची राहिली, नोकरी मिळाली नाही. सासरच्या गावात एका पडक्या वाड्याच्या माळ्यावरचे कागद रद्दीत निघाले होते, ते तिने मागून घेतले. घरचे सगळे आवरल्यावर रोज रात्री एक-दोन कागद, असे करत नऊ वर्षांत तिने त्यांचे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिप्यंतर पुरे केले. दोनशे पानी अकरा वह्या झाल्या. एक प्रत तिने गावच्या वाचनालयात ठेवली आहे. यात्रेच्या वेळी पालखीपुढे चालण्याचा मान कोणत्या भावकीचा, यावरून त्या गावात जुना तंटा होता आणि त्या वह्यांतला एक कागद सगळ्यांसमोर वाचल्यावर तो मिटला.

आता सांगा, ‘सध्याचे पद’ या रकान्यात मी तिच्यापुढे काय लिहावे? 

म्हणून हा धागा काढत आहे. आपापल्या इतिहास विभागातली माणसे इथे लिहा. विद्यापीठ कोणतेही असो. सुवर्णपदकाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तीही कमाईच आहे आणि तिचीही नोंद व्हावी. पण ज्यांच्या कामाला रकाना नाही, त्यांच्याबद्दल आवर्जून लिहा. नावे मात्र देऊ नका, माणसांची परवानगी घेतलेली नसते.

गोदाकाठची

बार्शीच्या ताईंना माझा नमस्कार कळवावा.

मी मराठवाडा विद्यापीठाची, म्हणजे आताच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची विद्यार्थिनी. आमच्याकडे मोडीपेक्षा मातीची ओढ अधिक. विद्यापीठाचे स्वतःचे इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. भोकरदनच्या उत्खननावर शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला, नागपूर आणि मराठवाडा या दोन्ही विद्यापीठांनी १९७४ मध्ये काढलेला अहवाल आमच्या हाती पहिल्याच वर्षी दिला जात असे. भोकरदनला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पॉम्पेईच्या ढिगाऱ्यातून निघालेली हस्तिदंती मूर्ती यांचे साम्य मॅडमनी आम्हाला शेजारी शेजारी चित्रे ठेवून दाखवले होते. जालना जिल्ह्यातल्या मुलांनी भरलेला तो वर्ग. आपल्या तालुक्याचे नाव रोमन जगाशी जोडलेले पाहून मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभाच राहिला.

तो मुलगा आज अजिंठ्याला मार्गदर्शक आहे. परवाना काढला, जपानी शिकला, आणि पर्यटकांना लेणे दाखवताना तो ऐकीव गोष्टी सांगत नाही. सोळाव्या लेण्यातला वराहदेवाचा शिलालेख कोठे आहे, वाकाटक राजा हरिषेणाचा तो मंत्री होता हे आपल्याला कशावरून कळते, दहाव्या लेण्यात जॉन स्मिथने २८ एप्रिल १८१९ रोजी कोरलेले स्वतःचे नाव आज माणसाच्या उंचीपेक्षा इतके वर का दिसते, हे तो पुराव्यासह सांगतो. (त्या वेळी लेण्यात साचलेल्या गाळावर उभे राहून त्याने ते कोरले होते, म्हणून.) मी माझ्या मुलांना घेऊन गेले तेव्हा त्याने ओळखले आणि त्यांना दोन तास फिरवले. पैसे घेतले नाहीत. विभागाच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

शाळेचा फळा

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. विभागाने मला काय दिले हे एका तासाच्या उदाहरणाने सांगतो.

दर वर्षी फेब्रुवारीत मी वर्गात विचारतो की शिवाजी महाराजांच्या जन्माची तारीख आपल्याला कोणी सांगितली. मुले गोंधळतात. मग मी फळ्यावर दोन तिथ्या लिहितो. वैशाख शुद्ध २, शके १५४९ आणि फाल्गुन वद्य ३, शके १५५१. पहिली १६२७ मधली, दुसरी १९ फेब्रुवारी १६३०. बराच काळ पहिली तिथी चालत आली होती. कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे वर्षवार घटनांची टिपणे, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ मध्ये छापली, तेव्हा दुसरी तिथी पुढे आली. पुढे कवींद्र परमानंदाच्या काव्यातूनही तिला दुजोरा मिळाला. एका घराण्याने जपून ठेवलेल्या काही पानांमुळे सगळ्या महाराष्ट्राला आपले म्हणणे पुन्हा तपासावे लागले. हे ऐकल्यावर मुले विचारतात, “सर, आमच्या घरात असं काही असेल का?” त्या प्रश्नासाठी मी वर्षभर वाट पाहत असतो.

हे मी स्वतः शोधलेले नाही. एम. ए. च्या पहिल्या सत्रात आमच्या सरांनी साधनचिकित्सेच्या तासाला असेच दोन तिथ्या लिहून आम्हाला शांत केले होते. माझ्या शाळेतली एक मुलगी यंदा इतिहासात एम. ए. ला लागली आहे. माझी कामगिरी म्हणून तेवढे लिहा.

तासिकावाला

माझ्या मित्राबद्दल लिहितो. नेट झाला, सेट झाला, पीएचडी झाली. प्रबंध कोकणातल्या बंदरांच्या जकातीवर होता आणि मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी उभे राहून हात मिळवला होता. त्याला अकरा वर्षे झाली. अजून तो तासिका तत्त्वावर शिकवतो. दोन महाविद्यालयांत मिळून तास घेतो, मधल्या वेळेत एसटीच्या स्टँडवर बसून पेपर तपासतो. मानधन सहा-सहा महिने येत नाही. मुलाखतींना जातो, यादीत नाव वर असते, आणि नंतर काही कळवले जात नाही.

आणि तरीही गेल्या चार वर्षांत त्याच्या हाताखालची तीन मुले सेट झाली. त्यांना तो रात्री फोनवर शिकवत असे, एक पैसा न घेता. त्यांपैकी एकीला कायमची नोकरी लागली त्या दिवशी तो माझ्याकडे पेढे घेऊन आला. मी त्याच्याकडे पाहूच शकलो नाही.

अर्ज त्यालाही आला होता. त्याने ‘पद’ रिकामे ठेवून परत पाठवला.

पंचगंगा

तासिकावाला, तुमच्या मित्राला सांगा की ते रिकामे ठेवू नका, ‘अध्यापक’ असे स्वच्छ लिहा. जो शिकवतो तो अध्यापक. वेतनश्रेणी ही देणाऱ्याची बाजू आहे. माझ्या धाकट्या भावाचेही असेच चालले आहे, त्यामुळे तुम्ही लिहिलेले वाचून घशात आवंढा आला.

आमचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झाले आणि त्याचे पहिले कुलगुरूच इतिहासकार होते, डॉ. आप्पासाहेब पवार. ताराबाईकालीन कागदपत्रांचे त्यांनी केलेले संपादन आम्ही अभ्यासाला वापरत असू, त्यामुळे कुलगुरूंच्या दालनातल्या त्यांच्या तसबिरीकडे आम्ही आपल्या विषयातला ज्येष्ठ माणूस म्हणूनच पाहायचो. कोल्हापुरात आणखी एक भाग्य असे की संस्थानचे दप्तर हाकेच्या अंतरावर आहे. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्याच काळातली संस्थानची कागदपत्रे स्वतः चाळणे वेगळे. माझ्या वर्गातल्या एकाने वसतिगृहांच्या हिशेबांवर लघुप्रबंध केला. कोणत्या वसतिगृहाला किती धान्य, किती तेल, किती मुले. पुढे तो समाजकल्याण खात्यात वसतिगृहाचा गृहपाल झाला. मुलांच्या ताटातले धान्य तो आजही स्वतः मोजून घेतो, कारण कागदावरचे धान्य आणि ताटातले धान्य यांत फरक कोठे पडतो हे त्याने शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबांत पाहिले आहे.

गिरणगाव

कुकर लावून लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते.

मुंबई विद्यापीठ, कलिना. आमच्या तुकडीतल्या एकीने एम. ए. च्या प्रकल्पासाठी खानावळवाल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्या कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालणाऱ्या बायकांचे काय झाले, हे तिने विचारले. तिची आजी त्यांच्यातलीच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचा आधार ज्यांना मिळाला त्यांची कहाणी वेगळी होती आणि ज्यांना मिळाला नाही त्यांची वेगळी. एका आजीने तिला उधारीची वही दाखवली. नावापुढे चपात्यांच्या संख्येच्या उभ्या रेघा होत्या, पाच झाल्या की आडवी. संप सुरू झाल्यानंतरही रेघा चालूच होत्या, फक्त शेवटच्या रकान्यात जमेचा आकडा नव्हता. त्या वहीचे फोटो तिने काढून ठेवले म्हणून आज ते आहेत. आजी गेल्या, चाळ पडली, वही कोठे गेली हे घरच्यांनाही सांगता येत नाही.

ती आता बँकेत आहे. इतिहासाशी तिचा रोजचा संबंध उरला नाही. पण त्या ध्वनिफिती तिने स्वतःच्या खर्चाने संगणकावर चढवून घेतल्या आणि कोणी अभ्यासक मागायला आला की देते.

शिटी झाली. पुन्हा येईन.

मांडवीकाठ

गिरणगावताई, वहीतल्या रेघांचे वाचून मला आमच्याकडच्या गांवकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या कारभाराच्या, वह्या आठवल्या.

गोवा विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण भाषेची असते. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ चे, आणि दिओगु दो कोउतु हा त्याचा पहिला प्रमुख. म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळाचे कागद, बहुतेक पोर्तुगीजमध्ये, तेही जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात, आणि मधूनच मोडी नाहीतर कन्नड वळणाची लिपी. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या अभिलेखागारात बसून मराठे-पोर्तुगीज संबंधांवर जे काम केले, त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासाची पोर्तुगीज बाजू उजेडात आली. आम्हाला त्यांचे नाव घेताना आपोआप हात जोडावेसे वाटतात.

माझी एक वर्गमैत्रीण फोंड्याच्या बाजूची, घरात पोर्तुगीजचा गंध नाही. तिने ती भाषा शेजारच्या एका वृद्ध ख्रिश्चन बाईंकडून शिकली. रोज संध्याकाळी त्यांची औषधे आणून द्यायची आणि तासभर वाचायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. तीन वर्षांनी तिने त्यांच्याच वाड्यावरच्या जमिनीचा जुना दाखला अभिलेखागारात शोधून त्यांना वाचून दाखवला. बाईंनी तो पुन्हा पुन्हा वाचायला लावला, असे ती सांगते. तिची पीएचडी झाली, लेख छापून आले, परिषदांना गेली. हे सगळे रकान्यात बसते. बाईंचा दाखला बसत नाही.

कोतवालबुक

दौतलेखणी, तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिले तशी माणसे २०२३ च्या हिवाळ्यात सगळ्यांना अचानक हवी झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्या-तालुक्यांत जुनी दप्तरे उघडली. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, ज्याला आमच्याकडे कोतवाल बुक म्हणतात, खासरापत्रके, पाहणीपत्रके, शाळांची जनरल रजिस्टरे. यांतला बराच भाग मोडीत. कार्यालयात कोणालाच वाचता येईना. तेव्हा पुराभिलेख संचालनालयाचा मोडीचा वर्ग केलेले आणि इतिहास विभागांतून शिकलेले लोक शोधून शोधून बोलावले गेले.

मीही त्यांतला एक. गेली पंधरा वर्षे माझे किराण्याचे दुकान आहे. एम. ए. ला मोडीत पहिला आलो होतो, हे दुकानात कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. पहिल्या दिवशी नोंदवहीचे पान उघडले आणि दहा मिनिटे मला एकही ओळ लागली नाही. भीती वाटली. मग वर्गात सांगितलेले आठवले की आधी ठरावीक शब्द शोधा. ‘मौजे’ सापडले, ‘तालुके’ सापडले, त्यांच्यामागून गावाचे नाव आले, आणि मग ओळ हळूहळू सुटत गेली. संध्याकाळपर्यंत साठ पाने झाली.

त्या कामात एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. जे लिहिले आहे तेच वाचायचे. बाहेर माणसे उभी असतात, त्यांच्या डोळ्यांत आशा असते, कोणी म्हणते की हा शब्द जरा नीट पाहा. नीट पाहायचे, दोनदा पाहायचे, पण नसलेले अक्षर वाचायचे नाही. आणि असलेले अक्षर पुसट असले तरी सोडायचे नाही. एका म्हाताऱ्या बाबांच्या आजोबांची नोंद नाही सापडली, तेव्हा त्यांना ‘नाही’ सांगताना मला फार जड गेले. पण आमच्या मॅडमनी आम्हाला हेच शिकवले होते, आणि माझ्या मते विभागाची सर्वांत मोठी शिकवण हीच होती.

शाळेचा फळा

कोतवालबुक, तुमचा शेवटचा परिच्छेद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. आपली हरकत नसावी.

कोतवालबुक

अवश्य वाचा सर.

थेम्सपार

पुण्याची विद्यार्थिनी, सध्या लंडनला. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या नोंदी चाळताना कंपनीच्या इंग्रजी पत्रव्यवहारात अचानक मोडीतला एक कागद लागला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या संशोधकाने मला विचारले की ही कोणती चित्रे आहेत. मी त्याला ओळीखालून बोट फिरवत वाचून दाखवले. वाचनकक्षात बोलायचे नसते, त्यामुळे अगदी कुजबुजत. आईच्या घरापासून इतक्या दूर ‘राजश्रियाविराजित’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि डोळे भरून आले.

आपल्या विभागातले अनेक जण परदेशी विद्यापीठांत गेले आहेत आणि त्यांची दखल घेतलीही जाते. मला आणखी एक नोंद व्हावीशी वाटते. तंजावरला सरस्वती महालात आणि तिथल्या तमिळ विद्यापीठाच्या परिसरात मराठी राजवटीचे मोडी कागद आहेत. आमच्या पुढच्या तुकडीतला एक जण ते वाचण्यासाठी आधी तमिळ शिकला, कारण कागद मराठी असला तरी त्यातली गावे, पिके, मापे आणि देवळातली पदे तमिळ असतात. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी कोरवलेला भोसल्यांचा मराठी इतिहास त्याने आम्हाला व्हिडिओ कॉलवरून वाचून दाखवला होता. त्याला वाटेत भेटलेले तंजावरकडचे मराठी बोलणारे आजोबा त्या कॉलवर मध्येच येऊन बोलले. त्यांची मराठी ऐकून आम्ही सगळे स्तब्ध झालो होतो.

पंचगंगा

थेम्सपारताई, तंजावरच्या त्या मित्राला इथे लिहायला सांगता येईल का? माझ्या भावाला त्या विषयावर संशोधनाचा आराखडा करायचा आहे आणि मार्गदर्शन हवे आहे.

थेम्सपार

सांगते. तो संकेतस्थळाच्या या भागात क्वचित येतो, पण विषय निघाला की थांबत नाही.

प्रथमवर्ष

सर्वांना नमस्कार. मी यंदाच एम. ए. भाग एकला प्रवेश घेतला आहे, त्यामुळे सांगण्यासारखी कामगिरी माझ्याकडे नाही. इथे लिहिणे योग्य आहे की नाही, हेही ठाऊक नाही. पण धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. मोडीचा वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले. मामाच्या घरी भाऊवाटणीचा एक जुना कागद आहे, त्यातला बराचसा भाग मी कटनिबच्या पेनाने पुन्हा पुन्हा गिरवून लावला. दोन ठिकाणी अडले आहे. एके ठिकाणी ‘छ ३ रमजान’ असे आहे. हे ‘छ’ म्हणजे काय? आणि वर वर्षाच्या जागी अंक नाही, फक्त ‘सन खमस सबैन मया व अलफ’ असे शब्द आहेत. सरांना विचारायला संकोच वाटतो, कारण हे त्यांनी कदाचित शिकवले असेल आणि मी त्या दिवशी गैरहजर असेन.

कोतवालबुक

ताई, संकोच करू नका. ‘छ’ हे चंद्राचे संक्षिप्त रूप आहे. चांद्र महिन्याची तारीख, म्हणजे रमजानचा तिसरा चंद्र.

वर्षाचे शब्द अरबी आकड्यांचे आहेत आणि ते एककापासून वाचायचे. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण अकराशे पंचाहत्तर. हे शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत वापरली जाणारी अरबी नावांची कालगणना.

दौतलेखणी

पुढचे मी सांगतो, कारण यात आम्हीही सुरुवातीला चुकत होतो. शुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. म्हणून कागद मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. उदाहरणार्थ, पानिपतचे वर्ष कागदांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. लढाई १४ जानेवारीची, म्हणून ६०० मिळवा, १७६१ येते.

आता तुमच्या कागदातला रमजान त्या वर्षी कोणत्या इंग्रजी महिन्यात पडतो ते जंत्रीत, म्हणजे तारखा जुळवण्याच्या कोष्टकांत, पाहा आणि वर्ष तुम्ही स्वतः काढा. मी उत्तर देणार नाही. विभागाच्या ग्रंथालयात जंत्री असेल, ग्रंथपालांना विचारा.

आणि सरांना अवश्य विचारा. शिकवलेले पुन्हा विचारायला आलेला विद्यार्थी शिक्षकाला किती हवासा वाटतो, हे मी शिक्षक झाल्यावर मला कळले.

गिरणगाव

परत आले. दौतलेखणी, बार्शीच्या ताईंच्या रकान्यात शेवटी काय लिहिलेत?

दौतलेखणी

तिलाच फोन केला. ती म्हणाली, ‘गृहिणी’ लिहा, खोटे कशाला. मी ‘सध्याचे पद : गृहिणी’ असे लिहिले, ‘उल्लेखनीय कामगिरी’पुढे ‘सोबतची पाने पाहावीत’ असे लिहिले आणि तिच्या पहिल्या वहीच्या चार पानांच्या छायाप्रती जोडल्या. विभागातून उत्तर आले आहे. त्यांना अकराही वह्या पाहायच्या आहेत आणि तिची संमती असेल तर एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात ठेवायची आहे. ती घाबरली आहे. अक्षर नीट नाही म्हणते. पुढच्या महिन्यात मी आणि आमच्या तुकडीतले आणखी दोघे तिच्या गावी जाऊन वह्या घेऊन येणार आहोत.

प्रथमवर्ष

जंत्री मिळाली. त्या वर्षी रमजान नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणून ५९९ मिळवले. १७७४ आले. सरांना दाखवले, त्यांनी बरोबर आहे म्हणून सांगितले आणि विचारले, त्या नोव्हेंबरात पेशवा कोण होता? मला पटकन सांगता आले नाही. घरी येऊन पाहिले. सवाई माधवरावांचा जन्म पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ चा. म्हणजे आमच्या मामाच्या पूर्वजांनी विहिरीजवळचे शेत दोघां भावांत वाटून घेतले, तेव्हा पेशवे सात महिन्यांचेही झाले नव्हते आणि कारभार बारभाई पाहत होते.

मामाला फोन करून हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ती विहीर अजून आहे, उन्हाळ्यात ये, दाखवतो.